रब्बी अकिवा : मेंढपाळाची गोष्ट बाजूला ठेवली तर काय उरते?

प्रश्न असा आहे : "रब्बी अकिवा चाळीस वर्षांचे होईपर्यंत निरक्षर मेंढपाळ होते, बायकोच्या आग्रहाने शिकले, पुढे ज्यू परंपरेतले सर्वांत मोठे विद्वान झाले आणि शेवटी रोमनांनी त्यांना हालहाल करून मारले, असे वाचले. यातले खरे किती? आणि ही कहाणी सोडली तर त्यांनी नेमके केले काय?"

आधी थोडक्यात सांगतो. माणूस खरा, त्याचे काम खरे, रोमनांच्या हातून आलेले मरणही बहुधा खरे. सुरुवातीची मेंढपाळाची कहाणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेली आहे. रब्बी म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचा गुरू. अकिवा बेन योसेफ यांचा काळ साधारण इ.स. ५० ते १३५ असा धरतात. ते बनेई ब्राक येथे शिकवत. हे ठिकाण आज तेल अवीवला लागून असलेले दाट वस्तीचे शहर आहे. त्यांच्या शिष्यांचे शिष्य यहूदा हा-नासी यांनी इ.स. २०० च्या सुमारास मिश्ना हा तोंडी चालत आलेल्या धर्मशास्त्राचा संग्रह सिद्ध केला. तौलनिक धर्माभ्यासाच्या वर्गात हे ग्रंथ मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. तिथे अकिवांचे चरित्र मी शेवटी घेतो. आधी त्यांचे वाद वाचायला लावतो, कारण माणूस तिथे जास्त स्पष्ट दिसतो.

एक अडचण सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवी. अकिवांचे चरित्र म्हणून त्यांच्या काळात कोणी काहीच लिहिले नाही. आपल्याकडे आहेत ते थर आहेत. सर्वांत जुना थर मिश्नाचा आणि त्या काळाच्या आसपासच्या कायदेविषयक भाष्यांचा. त्यानंतर गालिल प्रांतात इ.स. ४०० च्या सुमारास आकाराला आलेला यरुशलेमी तालमूद. तालमूद म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा संग्रह. मग त्याहून शंभर-दीडशे वर्षे उशिराचा, आजच्या इराकमध्ये तयार झालेला बाबिलोनी तालमूद. यांशिवाय 'आवोत द-रब्बी नातान' नावाचा एक ग्रंथ आहे, त्याचा काळ ठरवणे अवघड. मिश्नात अकिवांचे नाव पानोपानी येते, पण तिथे मेंढरे नाहीत, श्रीमंत सासरा नाही आणि विरहात दिवस काढणारी बायकोही नाही. हे सगळे पुढच्या थरांत येते. जितका ग्रंथ उशिराचा आणि यहूदियापासून, म्हणजे यरुशलेमभोवतीच्या प्रदेशापासून, दूरचा, तितकी गोष्ट भरघोस.

आता ती गोष्ट. बाबिलोनी तालमूद सांगतो की अकिवा हे यरुशलेमच्या काल्बा सावुआ या धनाढ्य गृहस्थाचे मेंढपाळ होते. त्याच्या मुलीने त्यांच्यातला गुण हेरला आणि 'शिकायला जाणार असशील तर लग्न करते' असे म्हणून गुपचूप विवाह केला. बापाने तिला घराबाहेर काढले आणि माझ्या संपत्तीतला कणही तिला मिळणार नाही, अशी शपथ घेतली. थंडीत ती दोघे गवताच्या कोठारात झोपत. अकिवा तिच्या केसांतल्या काड्या वेचत म्हणाले, "ऐपत असती तर तुला सोन्याचे यरुशलेम घातले असते." हा त्या काळचा डोक्यावर घालायचा, शहराच्या आकाराचा दागिना. तेवढ्यात दारात एक माणूस आला. "बायको बाळंत झाली आहे, तिला निजवायला थोडे गवत द्या," म्हणाला. तो प्रत्यक्ष एलीया संदेष्टा होता, असे तालमूद सांगतो. अकिवा बायकोला म्हणाले, "बघ, याच्याजवळ तर गवतही नाही."

मग अकिवा बारा वर्षे शिकायला गेले. परतले ते बारा हजार शिष्य घेऊन. दारापाशी पोचतात तो आतून आवाज ऐकू आला. एक म्हातारा त्यांच्या बायकोला म्हणत होता, "नवरा जिवंत असून विधवेसारखी किती दिवस राहणार?" ती म्हणाली, "माझे ऐकेल तर आणखी बारा वर्षे राहील." ते आत न शिरता तसेच मागे फिरले. दुसऱ्या खेपेस चोवीस हजार शिष्य बरोबर होते. फाटक्या कपड्यांतली एक बाई पुढे येऊन त्यांच्या पाया पडली, शिष्य तिला ढकलू लागले, तेव्हा अकिवा म्हणाले, "सोडा तिला. माझे आणि तुमचे जे काही आहे ते सारे तिचेच."

वर्गात इथे हमखास हात वर होतो, बहुतेकदा मुलींचा. चोवीस वर्षे? आणि उंबऱ्यावरून परत? प्रश्न रास्त आहे आणि तालमूदलाही तो पडलेला दिसतो. ही गोष्ट तिथे एकटी येत नाही. अभ्यासासाठी घर सोडून राहणाऱ्या विद्वानांच्या गोष्टींची एक माळच तिथे आहे. तीतल्या एका गोष्टीत रहुमी नावाचे विद्वान दरवर्षी प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी घरी येत. एका वर्षी ते अभ्यासात गढून गेले आणि जायचे राहिले. बायको वाट पाहत होती. तिच्या डोळ्यांतून एक थेंब गळला आणि त्याच क्षणी ते बसले होते ते छप्पर कोसळून त्यांचा अंत झाला. अकिवांची गोष्ट या शेजाराला ठेवून वाचली की संपादकांचा सूर निव्वळ कौतुकाचा राहत नाही. ती एकटीच वेगळी काढून वाचणाऱ्यांना हे कळत नाही आणि सध्या ती तशी एकटीच जास्त फिरते.

ही गोष्ट आली कुठून, याबद्दल माझा एक अंदाज आहे. मिश्नात शपथांविषयीच्या प्रकरणात अकिवांपुढचा एक खटला आहे. एका माणसाने रागाच्या भरात बायकोशी संबंध तोडण्याची शपथ घेतली. विवाहकरारानुसार तिचे चारशे दिनार देणे होते. अकिवांनी ते द्यायला सांगितले. तो गयावया करू लागला : "वडिलांनी आठशे ठेवले, चारशे भावाने घेतले, चारशे मला आले. तिला दोनशे आणि मला दोनशे पुरे नाहीत का?" अकिवा म्हणाले, "डोक्यावरचे केस विकावे लागले तरी तिचे पूर्ण पैसे द्यायचे." तो म्हणाला, "हे आधी ठाऊक असते तर शपथच घेतली नसती." या वाक्याचा आधार घेऊन अकिवांनी त्याला शपथेतून मोकळे केले. घर मोडायचे वाचले.

आता बाबिलोनी तालमूदमधल्या गोष्टीचा शेवट बघा. काल्बा सावुआ गावात आलेल्या थोर विद्वानाकडे आपली जुनी शपथ सोडवून घ्यायला येतो. हा आपला जावई आहे हे त्याला माहीत नसते. अकिवा विचारतात, "तो विद्वान होईल हे ठाऊक असते तर शपथ घेतली असती का?" "एक अध्याय, एक नियम जरी त्याला येत असता तरी घेतली नसती," असे तो म्हणतो आणि शपथ सुटते. युक्ती तीच. यरुशलेमी तालमूदमध्ये तर केसही आले आहेत. अकिवांनी बायकोला सोन्याचा दागिना खरोखरच केला, तो पाहून विद्वानसभेचे प्रमुख रब्बान गम्लिएल यांची पत्नी फुगून बसली, तेव्हा गम्लिएल तिला म्हणाले, "नवऱ्याने शिकावे म्हणून तिने आपल्या वेण्या विकल्या होत्या. तू तसे केले असतेस का?" म्हणजे खटल्यातले बोलणे सरकत सरकत न्यायाधीशाच्या घरात शिरले असावे. सिद्ध करता येणार नाही, पण या साहित्यात आख्यायिका अशाच वाढतात. कायद्याचे रोप आधी उगवते, गोष्टीचा वेल मागून चढतो.

मग ते अशिक्षित होते हेही रचलेलेच का? मला तसे वाटत नाही. 'आवोत द-रब्बी नातान'मध्ये बायकोचा आग्रह नाही. चाळीस वर्षांचे अकिवा विहिरीच्या तोंडाशी उभे असतात, दगडाला पडलेला खळगा पाहून तो कोणी कोरला असे विचारतात, रोज पडणाऱ्या पाण्याने, असे उत्तर मिळते आणि ते मुलाला घेऊन पंतोजीकडे जातात. पाटीचे एक टोक बापाने धरले, दुसरे मुलाने, आणि दोघे अक्षरे गिरवू लागले. सुरेख चित्र आहे. चाळीस हा आकडा मात्र संशयास्पद आहे. दुसऱ्या एका ग्रंथात मोशे, हिल्लेल, योहानान बेन झक्काई आणि अकिवा अशा चौघांनाही १२० वर्षांचे आयुष्य दिले आहे, चाळिसाचे तीन समान भाग करून. असे आकडे जन्माच्या दाखल्यावरून येत नाहीत.

मी विश्वास ठेवतो तो कमी शोभिवंत आठवणींवर. बाबिलोनी तालमूदमध्येच अकिवा शिष्यांना सांगतात, "मी अडाणी होतो तेव्हा म्हणायचो, एखादा विद्वान हाती लागला तर त्याला गाढवासारखा चावेन." शिष्य म्हणाले, "रब्बी, कुत्र्यासारखा म्हणा." ते म्हणाले, "कुत्रा चावला तर हाड मोडत नाही. गाढव चावले की मोडते." आपल्या महापुरुषाच्या तोंडी हे वाक्य घालायची परंपरेला काही गरज नव्हती. तसाच यरुशलेमी तालमूदमधला एक प्रसंग. नवशिक्या अकिवांना वाटेत एक बेवारस प्रेत दिसले. त्यांनी ते खांद्यावर घेऊन कोसभराहून अधिक चालत स्मशानापर्यंत नेले आणि पुण्यकर्म केले या आनंदात गुरूंना सांगितले. गुरू म्हणाले, "टाकलेल्या प्रत्येक पावलाला तुला रक्त सांडल्याचे पाप लागले." बेवारस प्रेत सापडेल तिथेच पुरायचे असा नियम होता, तो त्यांना माहीत नव्हता. अकिवा म्हणत, चांगले करायच्या इच्छेने मी दोषी ठरलो, तर तशी इच्छा नसताना काय झाले असते! तेव्हापासून विद्वानांची सेवा सोडली नाही.

गुरू कोण, तर मुख्यतः लोदचे एलियेझेर बेन हिर्कानोस आणि यहोशुआ बेन हनन्या. काळ कोणता, तर इ.स. ७० मध्ये तीतसच्या फौजांनी यरुशलेमचे मंदिर जाळल्यानंतरचा. बलिदान, पुरोहित, यात्रा हे सारे त्या मंदिराभोवती फिरत होते. मंदिरच गेल्यावर धर्म टिकवायचा कशावर? याव्ने गावात जमलेल्या विद्वानांनी ग्रंथ, प्रार्थना आणि चर्चा यांवर तो उभा करायला घेतला. एलियेझेर हे 'एक थेंबही न गळणारे टाके' म्हणून ओळखले जात. ऐकलेले जसेच्या तसे राखायचे, गुरूकडून न ऐकलेला शब्द बोलायचा नाही. यरुशलेमी तालमूद म्हणतो की तेरा वर्षे अकिवा त्यांच्यापुढे बसत होते आणि एलियेझेरांचे त्यांच्याकडे लक्षही गेले नव्हते. एके दिवशी अकिवांनी असा बिनतोड प्रतिवाद केला की शेजारी बसलेल्या यहोशुआंनी बायबलच्या शास्ते पुस्तकातले वाक्य फेकले : "ज्यांना तू तुच्छ लेखलेस तेच हे लोक ना? आता निघ आणि लढ त्यांच्याशी."

अकिवांचे खरे काम इथून सुरू होते. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके. तिच्यातले कोणतेही अक्षर वायफळ नाही, असे त्यांनी गृहीत धरले. हिब्रूत कर्माच्या आधी 'एत' असा एक अव्ययासारखा शब्द येतो. त्याला स्वतःचा अर्थ नाही. शिमोन हा-अम्सुनी यांनी प्रत्येक 'एत'मधून काही ना काही अर्थ काढायचा सपाटा लावला होता. 'तुझा देव परमेश्वर याचे भय धर' या वाक्यातल्या 'एत'पाशी ते थांबले, कारण देवाच्या जोडीला आणखी कोणाला बसवणार? त्यांनी आपली सगळी मांडणीच मागे घेतली. शिष्यांनी विचारले, "मग आजवर काढलेल्या अर्थांचे काय?" ते म्हणाले, "अर्थ काढल्याचे फळ मिळाले, तसेच माघार घेतल्याचेही मिळेल." अकिवा आले आणि म्हणाले, तो 'एत' विद्वानांसाठी आहे, देवाबरोबर त्यांचेही भय धरा. हे उत्तर चतुर आहे, आणि सोयीचेही.

त्यांचे समकालीन इश्माएल यांना ही पद्धत मान्य नव्हती. तोरा माणसांच्या भाषेत बोलते, माणसे बोलताना शब्दांची पुनरुक्ती करतात, प्रत्येक 'आणि'तून कायदा पिळून काढू नये, असे त्यांचे म्हणणे. या दोघांचा एक वाद मी कधीच चुकवत नाही. व्यभिचार करणाऱ्या पुरोहितकन्येला जाळावे, असे लेवीय पुस्तकात आहे. ते केवळ वाग्दत्त मुलीला लागू की लग्न झालेलीलाही, असा प्रश्न होता. अकिवा म्हणाले, "बंधू इश्माएल, मी 'कन्या' आणि 'आणि कन्या' यांतल्या फरकावरून अर्थ लावतो," आणि दोघींनाही शिक्षा लागू केली. इश्माएल म्हणाले, "तू एक 'आणि' वाचलास म्हणून तिला जाळायला बाहेर काढायची?" या वाक्याचे उत्तर अकिवांच्या चाहत्यांनी सोपे समजू नये.

कारण हेच अकिवा मृत्युदंडाच्या विरोधातले परंपरेतले सर्वांत ठळक नाव आहेत. मिश्नात चर्चा चालू आहे : सात वर्षांत एकदा देहान्त शिक्षा देणारी न्यायसभा घातकी समजावी. अकिवांचे सहकारी एलाझार बेन अझर्या म्हणतात, सत्तर वर्षांत एकदा दिली तरी. मग तार्फोन आणि अकिवा म्हणतात, "आम्ही त्या न्यायसभेत असतो तर कोणालाही कधीच देहान्त झाला नसता." आणि लगेच शिमोन बेन गम्लिएल यांचे कडक उत्तर नोंदवले आहे : "असे लोक इस्राएलमध्ये खुनी वाढवतील." अकिवांना हे साधले कसे असते, तेही पुढच्या भाष्यकारांनी सांगितले आहे. साक्षीदाराला विचारायचे, तलवार जिथे शिरली तिथे मृताच्या शरीरात आधीच जीवघेणे छिद्र नव्हते हे तू पाहिलेस का? असे कोण पाहणार? कायद्याचे कलम हलवायचे नाही, पण पुराव्याची अट इतकी ताणायची की कलम वापरताच येऊ नये. अक्षर वाढवत नेणारा आणि अक्षरानेच फास सैल करणारा माणूस एकच होता. यांतला 'खरा' अकिवा कोणता, असा प्रश्न मला निरर्थक वाटतो.

त्यांना थट्टेचेही वावडे नसावे, निदान सहकाऱ्यांना तरी नव्हते. बायबलमधल्या मिसरवरच्या (इजिप्तवरच्या) बेडकांच्या पीडेत मूळ वाक्यात 'बेडूक' एकवचनी आहे. अकिवा म्हणाले, एकच बेडूक होता, त्यानेच सारा देश भरून टाकला. एलाझार बेन अझर्या वैतागून म्हणाले, "अकिवा, गोष्टी सांगायच्या भानगडीत तू कशाला पडतोस? तू आपला कोडाचे आणि प्रेतविटाळाचे नियम बघ." ही दोन कायद्याची सर्वांत किचकट प्रकरणे.

माणूस म्हणून ते कसे होते हे एका प्रसंगात सर्वांत चांगले दिसते. एका प्रकारची मातीची चूल विटाळते की नाही, यावरून एलियेझेर एकीकडे आणि बाकी सारे दुसरीकडे अशी फूट पडली. एलियेझेरांनी चमत्कार दाखवले, आकाशवाणीनेही त्यांचीच बाजू घेतली, तरी बहुमत हलले नाही. सभेने त्यांना बहिष्कृत केले. आता हे त्यांना जाऊन सांगायचे कोणी? अकिवा म्हणाले, "मी जातो. दुसरा कोणी नको. सांगता न येणारा माणूस गेला तर जगाचा नाश व्हायचा." त्यांनी काळी वस्त्रे घातली, गुरूंपासून चार हात दूर बसले. एलियेझेरांनी विचारले, "अकिवा, आज काय विशेष?" ते म्हणाले, "गुरुजी, सहकारी तुमच्यापासून दूर होत आहेत असे मला वाटते." बहिष्कृत हा शब्द तोंडातून काढला नाही. चार हातांच्या अंतरानेच सारे सांगितले, कारण बहिष्कृतापासून तेवढे अंतर ठेवायचे असते. पुढे एलियेझेर मृत्युशय्येवर असताना हीच मंडळी आली आणि तशीच लांब बसली. ते म्हणाले, काकड्यांच्या लागवडीवरचे मला तीनशे नियम येत होते, अकिवाशिवाय कोणी कधी विचारले नाहीत.

'चौघे बागेत शिरले, अकिवा तेवढे सुखरूप परतले' या गूढ कथेबद्दल लोक खूप विचारतात. तिच्यावर एवढी भाष्ये चढली आहेत की अकिवांपेक्षा भाष्यकारच जास्त दिसतात. मी ती इथे सोडून देतो. बायबलमधल्या गीतरत्नाबद्दलचे त्यांचे मत मात्र थेट मिश्नात आहे. हे प्रेमगीत धर्मग्रंथांत ठेवावे का, यावर वाद होता. अकिवा म्हणाले, सगळे लेख पवित्र आहेत, पण गीतरत्न हे पवित्रांतले परमपवित्र. 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे तोरातले थोर तत्त्व आहे, हेही त्यांचेच. त्याला बेन अझ्झाई यांनी हरकत घेतली, ती कमी उद्धृत होते. त्यांच्या मते उत्पत्तीतले 'ही आदामाच्या वंशावळीची नोंद' हे वाक्य त्याहून थोर.

अकिवांचे नाव मराठीतही बरेच जुने आहे. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री घरोघर वाचल्या जाणाऱ्या हगादा या पोथीत बनेई ब्राकचा एक प्रसंग येतो. एलियेझेर, यहोशुआ, एलाझार बेन अझर्या, अकिवा आणि तार्फोन मिसरमधून झालेल्या सुटकेची कथा रात्रभर सांगत बसले, शेवटी शिष्यांनी येऊन सांगितले की सकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापल्या गेल्या. १८७४ सालची पुण्याची प्रत त्यांत प्रसिद्ध आहे. मराठी वाचकाला अकिवा भेटतात ते अशा घरगुती पोथीत.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड काळ. त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी. गम्लिएल, एलाझार, यहोशुआ आणि अकिवा उद्ध्वस्त यरुशलेमला गेले. मंदिराच्या परमपवित्र गाभाऱ्याच्या जागेतून एक कोल्हा बाहेर पडला. तिघे रडू लागले, अकिवा हसले. का, असे विचारल्यावर म्हणाले, सियोन शेतासारखे नांगरले जाईल हे उरीयाचे भाकीत आहे आणि यरुशलेमच्या रस्त्यांत पुन्हा म्हातारेकोतारे बसतील हे जखऱ्याचे. पहिले खरे ठरले, तर दुसरेही ठरणार. सहकारी म्हणाले, "अकिवा, तू आमचे सांत्वन केलेस."

वचनावरचा हाच भरवसा पुढे महागात पडला. सम्राट हेड्रियनने यरुशलेमच्या जागी एलिया कापितोलिना हे रोमन नगर उभारायचे ठरवले आणि इ.स. १३२ मध्ये शिमोन बार कोसिबा याच्या नेतृत्वाखाली बंड पेटले. गणना पुस्तकातले 'याकोबातून एक तारा निघेल' हे वाक्य त्याला लावून अकिवांनी त्याला अभिषिक्त राजा, म्हणजे दाविदाच्या वंशातला अपेक्षित तारणहार, म्हटले, असे यरुशलेमी तालमूद सांगतो. बार कोखबा, म्हणजे ताऱ्याचा पुत्र, हे नाव त्यावरूनच. लगेच पुढे योहानान बेन तोर्ता यांचे उत्तर आहे : "अकिवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल, तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल." बंड इ.स. १३५ मध्ये बेतार हा बंडखोरांचा शेवटचा किल्ला पडल्यावर चिरडले गेले. रोमन इतिहासकार कॅसियस डिओ ९८५ गावे उद्ध्वस्त आणि ५,८०,००० माणसे ठार असे आकडे देतो. आकडे फुगवलेले असतील, पण यहूदिया ओसाड झाली हे उत्खननांतून दिसते. प्रांताचे नावही बदलून सिरिया पॅलेस्टिना करण्यात आले.

अकिवांचा या बंडातला वाटा किती? १९६०-६१ मध्ये पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांना मृत समुद्राजवळच्या गुहेत बार कोसिबाची अस्सल पत्रे सापडली. त्यांत तो धाकदपटशा दाखवतो, सणासाठी झावळ्या आणि महाळुंगासारखी फळे पाठवायला सांगतो, पण अकिवांचा उल्लेख कुठेच नाही. म्हणून काही अभ्यासक हा संबंधच नाकारतात. मला ते टोकाचे वाटते. एवढ्या विनाशानंतर आपल्या सर्वांत मोठ्या गुरूच्या माथी एवढी मोठी चूक परंपरेने उगाच मारली असती, हे पटत नाही. अकिवा बंडाचे सूत्रधार होते, त्यांनी देशोदेशी फिरून पैसा आणि माणसे जमवली, हे जे सांगितले जाते त्याला मात्र आधार नाही.

चोवीस हजार शिष्यांचेही असेच. बाबिलोनी तालमूद म्हणतो की ते वल्हांडण आणि सात आठवड्यांनी येणारा शावुओत या सणांच्या मधल्या दिवसांत घशाच्या रोगाने मेले, कारण ते एकमेकांचा मान राखत नव्हते. दहाव्या शतकात बाबिलोनी विद्यापीठाचे प्रमुख शेरिरा गाओन यांनी याच घटनेला छळ असे म्हटले, त्यावरून हे शिष्य बंडात पडले असावेत असा तर्क पुढे आला. तर्क मोहक आहे, पण तर्कच आहे. त्या दिवसांत लग्ने न करण्याची आणि केस न कापण्याची प्रथा मात्र आजही पाळली जाते.

बंडाच्या काळात तोरा शिकवण्यावर बंदी होती, तरी अकिवा उघडपणे शिकवत राहिले. पप्पूस बेन यहूदा याने विचारले, "भीती नाही वाटत?" त्यावर त्यांनी कोल्ह्याची आणि माशांची गोष्ट सांगितली. जाळ्यांना भिऊन पळणाऱ्या माशांना कोल्हा म्हणाला, या काठावर, एकत्र राहू. मासे म्हणाले, जगायच्या जागेत आम्हाला भीती वाटते, तर मरायच्या जागेत किती वाटेल? पुढे दोघेही तुरुंगात गेले आणि पप्पूस म्हणाला, "अकिवा, तू भाग्यवान, तुला तोरासाठी पकडले. मला फालतू गोष्टीसाठी."

मृत्यूची वर्णने दोन आहेत. बाबिलोनी तालमूदनुसार लोखंडी फण्यांनी त्यांचे मांस ओरबाडले जात होते आणि शेमा म्हणायची वेळ झाली होती : 'हे इस्राएला, ऐक, आमचा देव परमेश्वर एकच.' शिष्य म्हणाले, "गुरुजी, इथवर?" ते म्हणाले, "'पूर्ण जिवाने देवावर प्रीती कर' या वाक्यापाशी मी जन्मभर अडलो होतो. आता संधी आली आहे." 'एक' हा शब्द लांबवत त्यांनी प्राण सोडला. यरुशलेमी तालमूदमध्ये समोर रोमन सुभेदार टिनियस रुफस आहे, अकिवा हसतात, आणि तो विचारतो, "म्हाताऱ्या, तू जादूगार आहेस की वेदनांची टर उडवतोस?" उत्तर साधारण तेच. फण्या आणि शेवटचा श्वास या तपशिलांची खात्री देता येत नाही, देहदंड झाला एवढे बहुतेक अभ्यासक मानतात. बेने इस्राएलांची स्वतःबद्दलची आख्यायिका अशी की बाहेरच्या ज्यूंशी त्यांची गाठ पडली तेव्हा हिब्रू प्रार्थनांतली ही शेमाच तेवढी त्यांच्या ओठांवर उरली होती.

हा मृत्यू परंपरेला पचला असे समजू नका. तालमूदमध्येच एक कथा आहे. मोशे स्वर्गात जातो, तेव्हा देव तोराच्या अक्षरांवर नक्षी काढत असतो. हे कशाला, असे विचारल्यावर सांगतो की अनेक पिढ्यांनंतर अकिवा नावाचा माणूस या प्रत्येक टोकातून नियमांचे ढीग काढील. मोशे त्या वर्गात जाऊन आठव्या ओळीच्या मागे बसतो आणि त्याला काही कळत नाही. एक शिष्य विचारतो, हे कुठून आले? अकिवा म्हणतात, सिनायवर मोशेला दिलेला नियम आहे. मोशेचा जीव भांड्यात पडतो. मग तो म्हणतो, याची तोरा दाखवलीस, आता याचे फळ दाखव. त्याला बाजारात तागडीवर तोलले जाणारे अकिवांचे मांस दिसते. "ही तोरा, आणि हे तिचे फळ?" देव म्हणतो, "गप्प राहा. माझ्या मनात असेच आले." उत्तर नाही हे लिहून ठेवायची हिंमत या ग्रंथात आहे, म्हणून तो मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

प्रश्नाचा उरलेला भाग, त्यांनी केले काय. शिष्यांच्या मृत्यूनंतर अकिवा दक्षिणेकडे गेले आणि मेइर, यहूदा बार इलाई, योसे, शिमोन आणि एलाझार बेन शम्मुआ या पाच जणांना त्यांनी शिकवले. तालमूद म्हणतो, त्या काळी तोरा यांनीच उभी केली. मिश्नात जिथे कोणाचे नाव नाही तो नियम मेइर यांचा समजावा आणि मेइर काय किंवा इतर काय, सगळे अकिवांच्याच मताने चालतात, असा तिथला संकेत आहे. विस्कळीत नियमांची विषयवार मांडणी त्यांनी सुरू केली, ती मेइर यांनी पुढे नेली आणि यहूदा हा-नासी यांनी पुरी केली. आजची मिश्ना सहा विभागांत आणि त्रेसष्ट प्रकरणांत आहे.

वाचायला सुरुवात करायची असेल तर मेंढपाळाच्या गोष्टीपासून करू नका. मिश्नातल्या 'मक्कोत' प्रकरणाच्या पहिल्या अध्यायाचा शेवट घ्या, मृत्युदंडाचा वाद तिथे चार-पाच ओळींत आहे. मग 'नेदारिम'च्या नवव्या अध्यायातला चारशे दिनारांचा खटला, त्यानंतर 'आवोत'च्या तिसऱ्या अध्यायातली अकिवांची वचने. बाबिलोनी तालमूद त्यानंतर उघडा. आणि जो उतारा वाचाल त्याच्या मागचे आणि पुढचे पान सोडू नका.